राउटरमधला उलटा मास्क: ०.०.०.२५५ म्हणजे नेमकं काय?

फोन हातात घ्या आणि वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टॅप करा. तिथं तुमच्या फोनचा आयपी ॲड्रेस दिसेल. घरच्या वायफायवर तो बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतो. त्याच्या आसपासच सबनेट मास्क नावाची ओळ असते आणि तिच्यासमोर सहसा २५५.२५५.२५५.० असा आकडा असतो. हा आकडा तुमच्यापैकी अनेकांनी कधी ना कधी पाहिला असेल आणि ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिला असेल.

कॉलेजच्या, हॉस्टेलच्या किंवा ऑफिसच्या वायफायमागे जो मोठा राउटर असतो, त्याच्या पोटात याच आकड्याचा उलटा भाऊ बसलेला असतो: ०.०.०.२५५. त्याला वाइल्डकार्ड मास्क म्हणतात. तुमच्या फोनला लायब्ररीचा सर्व्हर दिसावा, पण फी ऑफिसचा कॉम्प्युटर दिसू नये, अशा गोष्टी ठरवताना हा भाऊ कामाला येतो. मी नेटवर्किंग शिकवतो. मुलांचा सगळ्यात जास्त गोंधळ कुठे होतो विचाराल, तर इथेच. आणि वाईट भाग असा की इथं गोंधळ झाला तरी राउटर तोंडातून ब्र काढत नाही. असं का होतं, तेच आज बघू.

एक सूचना आधीच देतो. खाली ज्या कमांड आहेत त्या मी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून मराठी अक्षरांत लिहिल्या आहेत. खऱ्या राउटरवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप कराव्या लागतात. उदाहरणं सगळी सिस्कोच्या आयओएस या सिस्टीमवर चालणाऱ्या राउटरची आहेत, कारण वाइल्डकार्ड मास्क मुख्यतः तिथंच भेटतो.

गेटवरची यादी

ॲक्सेस लिस्ट म्हणजे राउटरला दिलेली नियमांची यादी. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला अडवायचं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. सोडायचं असेल तर परमिट, अडवायचं असेल तर डिनाय. तुमच्या फोनमधून निघालेलं प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, आपल्याबरोबर पाठवणाऱ्याचा पत्ता घेऊन फिरतं. राउटर तो पत्ता यादीतल्या पहिल्या ओळीशी ताडून बघतो. जुळला तर त्या ओळीत जे लिहिलंय ते करतो आणि पुढच्या ओळी वाचतच नाही. नाही जुळला तर दुसरी ओळ, मग तिसरी. यादी संपली आणि काहीच जुळलं नाही, तर पॅकेट फेकून दिलं जातं. कारण यादीच्या शेवटी ‘बाकी सगळ्यांना मनाई’ अशी एक न दिसणारी ओळ कायम असते. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिस्कोवर १ ते ९९ या नंबरच्या यादीला स्टँडर्ड म्हणतात, ती फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता बघते. १०० ते १९९ नंबरची यादी एक्स्टेंडेड, ती पाठवणारा कोण, पॅकेट चाललंय कुठे, कुठल्या कामासाठी, हे सगळं बघते. नंतर १३०० ते १९९९ आणि २००० ते २६९९ हे वाढीव नंबरही आले, पण कल्पना तीच.

आता साध्या यादीतली एक ओळ बघा:

ॲक्सेस-लिस्ट १० परमिट १९२.१६८.१०.० ०.०.०.२५५

परमिट कळलं. १९२.१६८.१०.० हा पत्ता कळला. शेवटचा ०.०.०.२५५ राउटरला सांगतोय की पत्त्याचा कुठला भाग तपासायचा आणि कुठल्या भागाकडे काणाडोळा करायचा.

सोसायटीच्या वॉचमनला तुम्ही सांगितलंत, ‘एमएच १२ च्या गाड्या सोड, पुढचे आकडे बघू नकोस.’ तर वॉचमन काय करेल? नंबरप्लेटवरचा एमएच १२ डोळ्यात तेल घालून बघेल आणि पुढे काहीही असलं तरी गाडी सोडेल. वाइल्डकार्ड मास्क ही नेमकी अशीच सूचना आहे. फरक इतकाच की वॉचमन अक्षरं आणि आकडे बघतो, राउटर बिट बघतो.

शून्य म्हणजे बघ, एक म्हणजे सोड

आयपी ॲड्रेस आपल्याला चार आकड्यांत दिसतो, पण राउटरसाठी ती ३२ बिटांची, म्हणजे ३२ शून्य-एकांची, एकच रांग असते. प्रत्येक आकड्याच्या वाट्याला ८ बिट येतात. त्या ८ जागांची किंमत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशी. जिथं एक असेल ती किंमत घ्यायची आणि बेरीज करायची. १९२ म्हणजे १२८ अधिक ६४, म्हणून तो ११०००००० असा लिहितात. २५५ म्हणजे आठही जागी एक. ० म्हणजे आठही जागी शून्य.

वाइल्डकार्ड मास्कसुद्धा अशीच ३२ बिटांची रांग आहे आणि ती पत्त्याच्या रांगेखाली ठेवून वाचायची. मास्कमध्ये जिथं शून्य, तिथला बिट जुळलाच पाहिजे. मास्कमध्ये जिथं एक, तिथं काहीही असो, चालेल. संपूर्ण नियम एवढाच आहे. याच्या पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं या दोन वाक्यांतून निघतं.

म्हणून ०.०.०.२५५ चा अर्थ झाला: पहिले तीन आकडे काटेकोर जुळव, चौथ्याकडे बघू नकोस. १९२.१६८.१०.५ चालेल, १९२.१६८.१०.२०० चालेल, १९२.१६८.११.५ मात्र चालणार नाही.

जरा अवघड मास्क घेऊ. ०.०.०.३१.

ॲक्सेस-लिस्ट १० परमिट १९२.१६८.१०.६४ ०.०.०.३१

पहिले तीन आकडे तर जुळायलाच हवेत. चौथ्याचं काय? ३१ म्हणजे ०००१११११. पहिल्या तीन जागी शून्य आहे, त्या तपासायच्या. उरलेल्या पाच जागी एक आहे, त्या सोडायच्या. ६४ म्हणजे ०१००००००, त्यातले पहिले तीन बिट ०१०. म्हणजे ज्या कोणाच्या चौथ्या आकड्याची सुरुवात ०१० ने होते, तो आत.

समजा तुमच्या फोनला १९२.१६८.१०.७७ मिळालाय. ७७ म्हणजे ०१००११०१. सुरुवात ०१०, जुळलं, आत जा. शेजारच्या मित्राला १९२.१६८.१०.१०० मिळालाय. १०० म्हणजे ०११००१००. सुरुवात ०११, नाही जुळलं. बिटांची मांडणी करून बघितलीत तर ०१० ने सुरू होणारा सगळ्यात छोटा आकडा ६४ आणि सगळ्यात मोठा ९५ येतो. म्हणजे ही एक ओळ ६४ ते ९५ असे ३२ पत्ते पकडते.

मास्कमध्ये किती एक आहेत ते मोजलं की किती पत्ते पकडले जातील ते कळतं. पाच एक म्हणजे दोनाला पाच वेळा गुणायचं, ३२. आठ एक म्हणजे २५६. एकही एक नसेल, म्हणजे ०.०.०.० असेल, तर बरोबर एकच पत्ता. त्याच्यासाठी मास्कऐवजी पत्त्याआधी होस्ट हा शब्द लिहिता येतो. आणि २५५.२५५.२५५.२५५ असेल तर ‘काहीच तपासू नको, सगळेच आपले’. त्याच्यासाठी एनी. मी मुलांना सांगतो, जिथं हे दोन शब्द चालतात तिथं तेच वापरा, आकडे टाइप करून हुशारी दाखवायची गरज नाही.

वजाबाकीचा शॉर्टकट

क्लासमध्ये सगळीकडे एक युक्ती शिकवतात: सबनेट मास्कचा प्रत्येक आकडा २५५ मधून वजा करा, वाइल्डकार्ड मास्क तयार. २५५.२५५.२५५.० चा होतो ०.०.०.२५५. २५५.२५५.२५५.१९२ चा होतो ०.०.०.६३. २५५.२५५.२४०.० चा होतो ०.०.१५.२५५. युक्ती बरोबर आहे, परीक्षेत वेळ वाचवते. वापरा.

पण माझं मत विचाराल तर या युक्तीनेच निम्मं नुकसान केलंय. मुलांच्या डोक्यात बसतं की वाइल्डकार्ड मास्क म्हणजे सबनेट मास्क उलटा केला की झालं. तसं नाहीये. सबनेट मास्कमध्ये आधी सगळे एक येतात, मग सगळे शून्य, मध्ये खिचडी चालत नाही. तो नेटवर्क कुठे संपतं आणि त्यातली यंत्रं कुठे सुरू होतात याची सीमा दाखवतो. वाइल्डकार्ड मास्कला असं कुठलंही बंधन नाही. ३२ पैकी कुठल्याही जागी एक, कुठल्याही जागी शून्य. प्रत्येक बिटासाठी वेगळा प्रश्न: हा बघायचा की सोडायचा?

आणि म्हणूनच त्याला अशा गोष्टी जमतात, ज्या सबनेट मास्कला कधीच जमणार नाहीत.

दिल्लीची सम-विषम आठवते?

जानेवारी २०१६ मध्ये १ ते १५ तारखेपर्यंत दिल्लीत सम-विषम योजना पहिल्यांदा राबवली होती. विषम तारखेला विषम नंबरच्या गाड्या रस्त्यावर, सम तारखेला सम नंबरच्या. नाक्यावरचा पोलीस काय बघत होता? नंबरप्लेटचा फक्त शेवटचा आकडा. गाडी कुठल्या राज्याची, कुठल्या आरटीओची, त्याला देणंघेणं नव्हतं. म्हणजे आपला एमएच १२ बघणारा वॉचमन सुरुवात बघतो आणि दिल्लीचा पोलीस शेवट बघतो.

राउटरवर हेच करायचं असेल तर मास्क लागतो ०.०.०.२५४.

ॲक्सेस-लिस्ट १५ परमिट १९२.१६८.१०.० ०.०.०.२५४

२५४ म्हणजे १११११११०. सात जागी एक, त्या सोडायच्या. फक्त शेवटच्या जागी शून्य, ती तपासायची. आणि कुठल्याही आकड्याचा शेवटचा बिट शून्य असेल तर तो सम, एक असेल तर विषम. वरच्या ओळीत पत्ता ० ने संपतोय, म्हणून १९२.१६८.१०.२, .४, .६ असे सगळे सम पत्ते आत. विषम हवे असतील तर १९२.१६८.१०.१ लिहायचं, मास्क तोच.

खऱ्या कामात सम-विषम कोणी फारसं करत नाही, शिकवायला छान आहे इतकंच. पण पुढचं उदाहरण अगदी कामाचं आहे. समजा एका पतसंस्थेच्या कोल्हापूर, सांगली, सातारा अशा शाखा आहेत. नेटवर्क आखणाऱ्याने डोकं चालवून कोल्हापूरला १०.१, सांगलीला १०.२, साताऱ्याला १०.३ अशी सुरुवात दिली. आणि प्रत्येक शाखेत तिसरा आकडा कामाप्रमाणे ठेवला: १ म्हणजे काउंटरचे कॉम्प्युटर, २ म्हणजे मॅनेजर, ५ म्हणजे सीसीटीव्ही कॅमेरे. आता वरून फर्मान आलं की कुठल्याही शाखेतला कॅमेरा इंटरनेटवर जाता कामा नये. शाखा तीन असोत की ऐंशी, ओळ एकच:

ॲक्सेस-लिस्ट २० डिनाय १०.०.५.० ०.२५५.०.२५५

वाचून बघा. पहिला आकडा १० च हवा. दुसरा, म्हणजे शाखा, कुठलीही चालेल. तिसरा ५ च हवा. चौथा कुठलाही. उद्या कराडला नवीन शाखा निघाली आणि तिला १०.४ दिलं, तरी तिचे कॅमेरे आपोआप या नियमात येतील, यादीला हात लावायला नको. खाली ‘परमिट एनी’ मात्र लिहावं लागतं, नाहीतर ती न दिसणारी शेवटची ओळ काउंटरवाल्यांनाही अडवेल.

मला वाइल्डकार्ड मास्क आवडतो तो या कामासाठी. पण ही मोकळीकच पुढे अंगाशी येते.

जिथं राउटर गप्प बसतो

एका शिक्षणसंस्थेत मला नेटवर्क बघायला बोलावलं होतं. विद्यार्थ्यांचं वायफाय १९२.१६८.२० मध्ये, ऑफिस १९२.१६८.५ मध्ये आणि फीचा हिशेब ठेवणारा सर्व्हर १९२.१६८.५.१० वर. तक्रार वेगळीच होती, नेट हळू चालतंय म्हणून. मी माझा फोन विद्यार्थ्यांच्या वायफायला जोडला आणि सहज ब्राउझरमध्ये १९२.१६८.५.१० टाकून बघितलं, तर समोर फीच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन पान. त्या वायफायवरच्या कुठल्याही मुलाच्या फोनवर ते उघडलं असतं. पासवर्डचा अंदाज बांधत बसायला हॉस्टेलच्या पोरांकडे रात्रभर वेळ असतो, हे मी वेगळं सांगायला नको.

तिथल्या माणसाचं म्हणणं, ‘सर, तो रस्ता तर आम्ही केव्हाच बंद केलाय, नियम आहे यादीत.’ आणि नियम खरंच होता. त्याने टाइप केला होता असा:

ॲक्सेस-लिस्ट १०१ डिनाय आयपी १९२.१६८.२०.० २५५.२५५.२५५.० होस्ट १९२.१६८.५.१०
ॲक्सेस-लिस्ट १०१ परमिट आयपी एनी एनी

कुठे बिघडलंय दिसलं का? वाइल्डकार्डच्या जागी सवयीने सबनेट मास्क गेलाय. आता आपला दोन वाक्यांचा नियम लावा. २५५ म्हणजे सगळे एक, बघू नकोस. ० म्हणजे सगळे शून्य, जुळव. म्हणजे राउटरला हुकूम मिळाला: पहिले तीन आकडे कुठलेही असू दे, चौथा आकडा शून्य असेल तरच अडव. १९२.१६८.२० कडे त्याने ढुंकूनही बघायचं नाही. साध्या २५६ पत्त्यांच्या नेटवर्कमध्ये शून्याने संपणारा पत्ता कुठल्याही यंत्राला मिळत नाही, तो नेटवर्कचं नाव म्हणून राखून ठेवलेला असतो. मोठ्या नेटवर्कमध्ये एखाद्या फोनला असा पत्ता मिळू शकतो, पण इथं तसं नव्हतं. थोडक्यात, नियम होता, पण तो कोणालाच लागू होत नव्हता. दार बंद केलं, कुलूप लावलं, फक्त ते भिंतीला लावलं!

राउटरने हे चालवून कसं घेतलं? कारण त्याच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. ०.०.०.२५४ चालतो, ०.२५५.०.२५५ चालतो, मग २५५.२५५.२५५.० का चालू नये? कुठलीही शून्य-एकांची रांग हा वैध वाइल्डकार्ड मास्क आहे. ‘तुला हेच म्हणायचंय का?’ असं विचारायला राउटरकडे काही आधारच नाही.

आणखी एक बघा. समजा हीच चूक परमिटच्या ओळीत झाली असती. मग एकाचाही पत्ता जुळला नसता, शेवटच्या न दिसणाऱ्या ओळीने सगळ्यांना अडवलं असतं आणि पाच मिनिटांत अख्ख्या हॉस्टेलने बोंब मारली असती. चूक लगेच सापडली असती. डिनायच्या ओळीतली चूक मात्र कोणाचंच काही अडवत नाही, म्हणून कोणी तक्रार करत नाही. तक्रार नाही म्हणजे सगळं नीट आहे, असं धरून लोक पुढे जातात.

त्या माणसाला मी दोष देत नाही. सिस्कोच्याच एएसए नावाच्या फायरवॉलमध्ये ॲक्सेस लिस्ट लिहिताना साधा सबनेट मास्क लिहायचा असतो, वाइल्डकार्ड नाही. लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये तर १९२.१६८.२०.०/२४ असं स्लॅश देऊन लिहिलं की काम होतं. सकाळी एका यंत्रावर एक पद्धत, दुपारी दुसऱ्यावर दुसरी. हात घसरणारच.

अशी चूक पकडायच्या दोन जागा आहेत. पहिली म्हणजे राउटरने नियम कसा साठवलाय ते वाचणं. आयओएसची एक सवय आहे: मास्कमध्ये जिथं एक आहे, तिथला पत्त्याचा बिट तो स्वतःच शून्य करून टाकतो, कारण तो तसाही बघायचा नाहीये. त्यामुळे वरची ओळ टाइप करून कॉन्फिगरेशन परत वाचलं तर ती अशी दिसते:

ॲक्सेस-लिस्ट १०१ डिनाय आयपी ०.०.०.० २५५.२५५.२५५.० होस्ट १९२.१६८.५.१०

तुम्ही लिहिलेला १९२.१६८.२० गायब! आपण दिलेला पत्ता असा बदललेला दिसला की समजायचं, मास्कमध्ये घोटाळा आहे. दुसरी जागा म्हणजे शो ॲक्सेस-लिस्ट्स ही कमांड. ती प्रत्येक ओळीपुढे किती पॅकेटं त्या ओळीला जुळली ते दाखवते. त्या संस्थेत परमिटच्या ओळीपुढे भलामोठा आकडा होता आणि डिनायपुढे काहीच नाही. चालू वायफायवर फोनवरून सर्व्हर उघडायचा प्रयत्न करूनही ज्या डिनायला एकही पॅकेट लागत नाही, ती ओळ शोभेची आहे. मास्क ०.०.०.२५५ करून नियम पुन्हा लिहिला, फोनवर पान रिफ्रेश केलं, पान उघडलं नाही आणि डिनायपुढचा आकडा वाढायला लागला. तेव्हा कुठे मी नेट हळू का चालतंय त्याकडे वळलो.

पन्नास पत्ते म्हणजे ०.०.०.५० नाही

मुलांची अजून एक लाडकी कल्पना असते. पन्नास फोन सोडायचेत ना, मग मास्क ०.०.०.५० टाकू. ऐकायला बरोबर वाटतं. ५० चे बिट काढा: ००११००१०. तीनच जागी एक आहे, ३२ ची, १६ ची आणि २ ची. म्हणजे पकडले जाणारे पत्ते आठ. १९२.१६८.१०.० या पत्त्याबरोबर हा मास्क दिला तर शेवटचा आकडा ०, २, १६, १८, ३२, ३४, ४८ आणि ५० असलेलेच जुळतील. पन्नासातले बहुतेक बाहेर, आणि कोण का बाहेर राहिलं याचा पत्ता लागायला दिवस जाईल. इथंही राउटर गप्प.

सलग पत्ते एका ओळीत पकडायचे असतील तर दोन अटी पाळाव्या लागतात. संख्या १, २, ४, ८, १६, ३२ अशी दुपटीतली हवी आणि सुरुवातीच्या पत्त्याला त्या संख्येने पूर्ण भाग जायला हवा. ६४ पासून ३२ पत्ते चालतात, कारण ६४ ला ३२ ने भाग जातो. ५० पासून ३२ पत्ते एका ओळीत नाही जमणार.

मग ५० ते ८० हवेच असतील तर? तुकडे पाडायचे. ५० ला २ ने भाग जातो पण ४ ने नाही, म्हणून आधी ५० आणि ५१. मग ५२ ला ४ ने भाग जातो, ५२ ते ५५. मग ५६ ला ८ ने, ५६ ते ६३. मग ६४ पासून १६ घेऊ, ६४ ते ७९. उरला एकटा ८०.

ॲक्सेस-लिस्ट ३० परमिट १९२.१६८.१०.५० ०.०.०.१
ॲक्सेस-लिस्ट ३० परमिट १९२.१६८.१०.५२ ०.०.०.३
ॲक्सेस-लिस्ट ३० परमिट १९२.१६८.१०.५६ ०.०.०.७
ॲक्सेस-लिस्ट ३० परमिट १९२.१६८.१०.६४ ०.०.०.१५
ॲक्सेस-लिस्ट ३० परमिट होस्ट १९२.१६८.१०.८०

३१ पत्त्यांसाठी पाच ओळी. सुट्टे पैसे देण्यासारखंच आहे हे, मोठ्या नोटेने भागत नसेल तर चिल्लर मोजायची. पण शहाणपण याच्यात आहे की पत्ते वाटतानाच ६४ ते ९५ असा भरीव तुकडा ठेवायचा, म्हणजे एका ओळीत काम होतं. नेटवर्क आखताना कागदावर घालवलेली दहा मिनिटं पुढे अशी वसूल होतात.

फोनच्या बाबतीत एक अडचण वेगळी आहे. फोनला पत्ता राउटर किंवा सर्व्हर आपोआप वाटतो आणि तो बदलू शकतो. आज .७७ तर पुढच्या आठवड्यात .१४०. म्हणून ‘अमुक एका फोनला अडव’ असा नियम नुसत्या आयपीवर टिकत नाही. ॲक्सेस लिस्ट चांगली चालते ती गटांवर: सगळं विद्यार्थी वायफाय, सगळे कॅमेरे, सगळं ऑफिस. शिवाय आयपीव्ही६ चे पत्ते वेगळ्याच ढंगाचे असतात आणि त्यांच्या याद्यांत साधारणपणे वाइल्डकार्ड मास्कऐवजी /६४ असं स्लॅश देऊन लिहितात. मोबाइल डेटावर तुमच्या फोनला बहुतेक तसा पत्ताही मिळालेला असेल. कॉलेज-ऑफिसच्या आतलं जग मात्र अजून बऱ्यापैकी जुन्या चार आकड्यांवरच चालतं.

करून बघा

खऱ्या राउटरवर, विशेषतः कॉलेजच्या, प्रयोग करू नका. लांबून लॉगिन करून यादी लावली आणि त्या न दिसणाऱ्या शेवटच्या ओळीने तुम्हालाच बाहेर काढलं, तर सर्व्हर रूमची किल्ली शोधत फिरावं लागतं. मुरलेले लोक म्हणून आधी रिलोड इन १० अशी कमांड देऊन ठेवतात. दहा मिनिटांत रद्द केली नाही तर राउटर आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह न केलेली यादी उडून जाते.

शिकायला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर आहे. त्यांच्या नेटवर्किंग ॲकॅडमीच्या वेबसाइटवर खातं उघडलं की ते लॅपटॉपसाठी फुकट मिळतं. एक राउटर ठेवा, एका बाजूला एक सर्व्हर, दुसऱ्या बाजूला स्विच आणि त्याला दोन कॉम्प्युटर. राउटरची ती बाजू १९२.१६८.१०.१ करा, कॉम्प्युटरना १९२.१६८.१०.१२ आणि १९२.१६८.१०.१३ द्या. आधी दोन्हींवरून सर्व्हरला पिंग करा, दोन्हीकडे रिप्लाय यायला हवा. मग वरची सम पत्त्यांची १५ नंबरची यादी टाइप करा आणि कॉम्प्युटरच्या बाजूच्या इंटरफेसवर जाऊन लिहा:

आयपी ॲक्सेस-ग्रुप १५ इन

पुन्हा पिंग करा. .१२ वरून रिप्लाय येत राहील, .१३ वर राउटरकडून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ येईल. आता ती यादी काढून टाका, तीच ओळ २५५.२५५.२५५.० मास्क देऊन परत लिहा आणि पिंग करण्याआधी कागदावर लिहून ठेवा की दोघांपैकी कोणाला रिप्लाय येईल.